जर्मन चित्रपटाची सबटायटल्स कागदावर कशी उतरवायची

जर्मनच्या बी-वन (मध्यम) पातळीच्या बॅचला मी पाठ्यपुस्तकासोबत एक अख्खा जर्मन चित्रपट कागदावर वाचायला लावते. पडद्यावरची ओळ दोन-चार सेकंदांत निघून जाते. कागदावर तिच्याखाली रेघ मारता येते, विभक्ती तपासता येते, क्रियापद शोधता येतं. कोथरूडच्या माझ्या वर्गात आम्ही हे कसं करतो ते सांगते.

चित्रपट मुळात जर्मन हवा आणि सबटायटल्सही जर्मनच हवीत. हॉलिवूडचा जर्मन डब घेऊ नका. डबिंगचे संवाद ओठांच्या हालचालींना जुळवून लिहिलेले असतात आणि सबटायटल्स बहुतेक वेळा वेगळी केलेली असतात, त्यामुळे कानावर एक पडतं आणि कागदावर दुसरंच दिसतं. एआरडी, झेडडीएफ, आर्टे या वाहिन्यांचे कार्यक्रम ‘मेडियाथेकव्ह्यू’ या मोफत प्रोग्रॅममधून, सबटायटल्स दिलेली असतील तर त्यांसह, उतरवता येतात. हक्कांमुळे काही गोष्टी जर्मनीबाहेर उघडत नाहीत, तेव्हा आधी चालवून बघा.

पुढचं बरंचसं काम विंडोजवर ‘सबटायटल एडिट’ हा प्रोग्रॅम करतो. हाही मोफतच आहे. एसआरटी, म्हणजे नुसत्या सबटायटल्सची फाइल असेल तर थेट उघडा. एमकेव्ही, म्हणजे सबटायटल्स पोटात असलेली व्हिडिओ फाइल असेल तर तीच खिडकीत ओढून टाका, आतल्या सबटायटल-ट्रॅकची यादी येईल. ‘फोर्स्ड’ लिहिलेला ट्रॅक टाळा, त्यात फक्त पाट्या आणि परभाषेतले संवाद असतात. उमलाउटच्या, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या अक्षरांच्या, जागी भलतीच चिन्हं दिसली तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बदलून फाइल पुन्हा उघडा आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ ठेवा.

डीव्हीडी आणि ब्लू-रेवरची सबटायटल्स म्हणजे मजकूर नसतो, ती चित्रं असतात. त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय लागते. सबटायटल एडिटमध्ये ‘टेसरॅक्ट’ हे ओसीआर निवडून त्याचा जर्मन शब्दसंच आधी उतरवून घ्या. तरीही कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांत गल्लत होते. जर्मनमध्ये ‘मी’ हा शब्दच आयने सुरू होतो, म्हणून वाक्यांच्या सुरुवाती डोळ्यांखालून घालाच.

वाहिन्यांची सबटायटल्स बहुधा कर्णबधिर प्रेक्षकांसाठी केलेली असतात. ‘दार आपटतं’, ‘संगीत’ अशा नोंदी त्यांत येतात. ‘टूल्स’मध्ये त्या काढायची सोय आहे, पण नवशिक्यांना मी त्या ठेवायला सांगते. रोजच्या आवाजांसाठीचे शब्द इतके सहज दुसरीकडे कुठे मिळतात?

आता खरा मुद्दा. ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘प्लेन टेक्स्ट’ इथे गेलात की क्रमांक आणि वेळा काढता येतात. पण तेवढ्यावर थांबलात तर वाक्यं तुकड्यातुकड्यांत छापली जातात. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी येतं, विभक्त होणाऱ्या क्रियापदाचा उपसर्गही शेवटी जातो, आणि सबटायटलचा तुकडा नेमका त्याच्या आधी पडतो. मराठी माणसाला शेवटच्या क्रियापदाची वाट बघायची सवय असते, ती सवय इथे वाया घालवू नका. म्हणून ‘मर्ज ऑल लाइन्स’ निवडा. सगळा मजकूर एका सलग परिच्छेदात येईल.

तो वर्डमध्ये आणा. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये पूर्णविराम आणि एक जागा शोधा. त्याऐवजी पूर्णविराम, कॅरेटचं चिन्ह (^) आणि त्याला चिकटून स्मॉल ‘पी’ घाला. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हासाठीही तेच करा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर येतं. ‘३. ऑक्टोबर’सारख्या तारखा मात्र मधेच तुटतात, कारण जर्मन क्रमवाचक अंकापुढे टिंब देतात. त्या हाताने जोडा.

छपाईला ए-फोर कागद, बारा पॉइंट, दीडपट ओळअंतर ठेवा आणि उजवीकडे कागदाचा तिसरा भाग मोकळा सोडा. वेळा ठेवलेली दुसरी प्रत संगणकावर राहू द्या, प्रसंग पुन्हा ऐकायला तीच लागते. वाहिन्या बोलणाऱ्यांना वेगवेगळे रंग देतात, साध्या मजकुरात ते जातात. म्हणून दुसऱ्यांदा चित्रपट बघताना समासात प्रत्येकाचं नाव पेन्सिलीने लिहा. त्याच वेळी संवाद आणि कागद कुठे वेगळे पडतात तेही टिपा, कारण वाचायला वेळ पुरावा म्हणून सबटायटलमध्ये बोलणं बऱ्याचदा आटवलेलं असतं. गाळलेले ‘डोख’, ‘माल’, ‘हाल्ट’ असे बोलण्याला सूर देणारे छोटे शब्द कानाने पकडून त्या ओळीत घाला.

आणि झेरॉक्स वाटू नका. ज्याची प्रत त्यानेच काढावी, स्वतःच्या अभ्यासापुरती.