कोकणात जुनी कॉमिक शोधायला निघताना

फक्त कॉमिकचं असं दुकान कोकणात शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल. इथे कॉमिक मिळतं रद्दीच्या दुकानात, शाळेची जुनी पुस्तकं विकणाऱ्या गाळ्यात, पेपरवाल्याच्या मागच्या फळीवर, बंद पडलेल्या खाजगी वाचनालयाच्या कपाटात आणि सगळ्यात जास्त घराघरांच्या माळ्यावर. यातली बरीचशी पुस्तकं मुंबईहून आली. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी यायची, प्रवासात वाचायला घेतलेला ‘वेताळ’ किंवा ‘चांदोबा’ बरोबर असायचा, आणि शाळा उघडायच्या वेळी पुस्तक मामाच्या घरीच राहायचं. त्यामुळे एका घरात सलग वर्षाचे अंक मिळतील अशी आशा धरू नका. सुटे, पाच-सहा भावंडांच्या हातांतून गेलेले अंक मिळतात. तेही चार महिने पावसाची दमट हवा खाल्लेले. म्हणून कोकणात शोधायचं तर पहिला नियम असा: नाव बघण्याआधी कागद बघा.

कधी जावं

मेचा शेवटचा पंधरवडा सगळ्यात चांगला. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी चाललेली असते, कौलं परतायला माणसं वर चढतात, त्यासाठी माळा रिकामा करावा लागतो आणि तिथली ट्रंक वीस वर्षांनी खाली येते. त्यातलं जे नको असतं ते आठवड्याभरात रद्दीवाल्याकडे पोचतं. दुसरी वेळ गणपतीच्या आधीची, घराला रंग काढतात तेव्हाची. तिसरी दिवाळीच्या साफसफाईची.

जून-जुलैत खरेदी टाळा. भर पावसात कागद इतकी ओल धरतो की तो मुळात चिवट आहे की पिचलेला, हे कळतच नाही. नरम लागलेलं पान हिवाळ्यात कोरडं झालं की कडाकड मोडतं.

रद्दीवाल्याकडे जाण्याआधी एक गोष्ट विचारून ठेवा: माल उचलायला टेम्पो कधी येतो? टेम्पोच्या आदल्या दिवशी सकाळी गेलात तर गठ्ठे बांधलेले, वर्गवारी झालेली आणि दुकानदार दाखवायला तयार असतो. टेम्पो गेल्यावर पोचलात तर वजनकाटा आणि सुतळी तेवढी उरलेली असते.

काय म्हणून विचारावं

‘कॉमिक आहेत का’ असं विचारलं की बहुतेक ठिकाणी ‘नाहीत’ हेच उत्तर येतं. ‘काका, चांदोबा, वेताळ, चंपक, अशी चित्रांची जुनी पुस्तकं कुठं पडलीत का? मी गठ्ठा सोडून बघतो, परत बांधून देतो,’ असं म्हणा. परत बांधून देण्याचं वचन फार महत्त्वाचं. रद्दीवाल्याचं निम्मं काम गठ्ठा बांधण्याचं असतं, आणि तो विस्कटून जाणारं गिऱ्हाईक त्याला नको असतं. सुतळी कापू नका, गाठ सोडा. गठ्ठा आडवा ठेवून वरून एकेक पुस्तक उचला. मधलं पुस्तक खेचून काढलं तर कव्हर पिनेपाशी फाटतं.

घरात बघायला बोलावलं तर ओटीवर किंवा पडवीत उजेडाला बसून बघा, माळ्यावर चढू नका. जुन्या माळ्याच्या फळ्या वाळवीने आतून पोकळ झालेल्या असतात, आणि अडगळीत इंगळी (मोठा विंचू) निघणं नवलाचं नाही.

बरोबर घ्या: एलईडी टॉर्च, दहापट मोठं दिसणारं भिंग, मऊ ब्रश, एफोर मापाचे पुठ्ठे आणि तेवढ्याच पारदर्शक पिशव्या, सुती फडकं, सुटे पैसे आणि आपल्याकडे काय आहे त्याची कागदावरची यादी. मोबाइलला रेंज नसलेल्या वाडीत कागदच कामाला येतो.

काय ओळखता यावं

इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने सुरू केली आणि 1990 मध्ये ती बंद पडली. त्यातला, अमेरिकी लेखक ली फॉकचा नायक फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. आरवली गावच्या वेतोबा या देवाला हातहातभर चपला वाहणाऱ्या मुलखात हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सुरुवातीच्या अंकांवर सलग क्रमांक असतो, पुढच्या काळातल्यांवर वर्ष आणि अंक असे दोन आकडे. ‘वर्ष 26, अंक 5’ म्हणजे पाचवा अंक समजून जास्त पैसे मोजू नका. 1964 हे पहिलं वर्ष धरून मोजलं की तो 1989 चा निघतो. आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा नायक याच मालेत 1976 मध्ये आला. त्याच्या गोष्टींचे अंक वेगळे जमवणारे लोक आहेत, तेव्हा ते ढिगात सोडू नका.

अमर चित्र कथेत सगळ्यात जास्त फसगत होते, कारण एकच पुस्तक अनेक वेळा छापलं गेलं. अनंत पै यांनी ही माला 1967 मध्ये सुरू केली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते, ‘कृष्ण’ अकरावा. पुढे पुनर्मुद्रणांना 501 पासून नवे क्रमांक दिले गेले. त्यामुळे 501 क्रमांकाचा ‘कृष्ण’ जुना नाही. क्रमांक जुना असला तरी तेवढ्यावर पहिली आवृत्ती समजू नका. मागच्या किंवा आतल्या कव्हरावर इतर पुस्तकांची यादी असेल तर त्यातलं सगळ्यात उशिरा निघालेलं नाव शोधा. तुमच्या हातातली प्रत त्या पुस्तकाच्या आधी छापलेली असूच शकत नाही. वर्ष छापलेलं नसेल तेव्हा ही युक्ती सगळ्यात भरवशाची.

चांदोबा 1952 पासून मराठीत निघू लागला. विक्रम-वेताळाच्या गोष्टीवरचं शंकर यांचं चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं पान. ते पान आहे का, हे आधी बघा. अनेक घरांत ते कापून भिंतीला लावलेलं असायचं. चालू कथांची पानं फाडून वेगळी शिवायचीही सवय होती, म्हणून पानांचे आकडे ओळीने मोजा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासूनचं. त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर वाचायला खुले केले आहेत, तेव्हा निव्वळ वाचायला म्हणून फाटकी प्रत विकत घेऊ नका.

प्रत तपासताना

आधी वास घ्या. जुन्या कागदाचा गोडसर वास चालतो. ओल्या तळघरासारखा कुबट वास आला तर बुरशी जिवंत आहे आणि ती घरच्या पुस्तकांत पसरेल. चुलीवरच्या माळ्यावरचं पुस्तक काळपट, धुरकट वासाचं असतं. दिसायला वाईट, पण धुरामुळे त्याला किडीचा त्रास बऱ्याचदा कमी झालेला असतो.

मग पिना. कोकणातल्या प्रतीचं खरं वय तिथे दिसतं. पुस्तक टेबलावर आडवं ठेवा, मधलं पान उघडा, टॉर्च बाजूने तिरपा धरा. पीन चकचकीत असेल तर उत्तम. तपकिरी असेल आणि गंजाचा डाग पिनेपुरताच असेल तरी घ्यायला हरकत नाही. डाग बोटभर पसरला असेल तर तिथला कागद गंजाने खाल्लेला असतो, आणि मधलं जोडपान कधीही सुटून येतं. बऱ्याचदा ते आधीच गळालेलं असतं, आणि गोष्टीचा भर नेमका तिथे असतो. म्हणून मधलं पान आहे हे बघितल्याशिवाय भावाचं बोलू नका.

कीड कोणती लागली तेही ओळखा. कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते, कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या होतात. भुंगेऱ्याची अळी टाचणीएवढी गोल भोकं पाडते, ती आरपार जातात. वाळवी मातीच्या नळ्या करते. पानांत माती दिसली तर तो गठ्ठाच नको.

पुराची प्रत वेगळीच. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठी नदीच्या पाण्याखाली गेली. त्या पट्ट्यातून आलेल्या पुस्तकांच्या कडेला गाळाची फिकट रेघ शोधा. पानं लाटांसारखी झालेली असतात. गुळगुळीत कव्हरं एकमेकांना चिकटलेली असतील तर ती सुटत नाहीत, ओढली की चित्राचा थरच निघून येतो.

बांधीव खंड मोहात पाडतात. सहा-बारा अंक एकत्र शिवून रेक्झिनचा पुठ्ठा लावलेला, कागद आत सुरक्षित. पण बाइंडरने कडा कापलेल्या असतात, कधी वरच्या ओळीचे संवादही गेलेले असतात, आणि कव्हरं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. वाचायला खंड घ्या. संग्रहासाठी घ्यायचा तर कव्हरं मोजून घ्या, आणि घरी नेऊन तो उसवू नका.

अलीकडे रंगीत झेरॉक्स काढून पिना मारलेल्या नकला फिरतात. भिंगाखाली जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीत, ठरावीक कोनात बसलेले दिसतात. नकलेत मूळ ठिपक्यांवर दुसरी बारीक जाळी किंवा विखुरलेले कण दिसतात, आणि काळ्या भागावर मेणासारखी चमक असते. घडीपाशी शाई तडकून पांढरा कागद दिसला, किंवा पानं पिवळी पण पिना कोऱ्या असल्या, तर हात आवरा.

शिक्के वाचा. खाजगी वाचनालयाचा शिक्का आणि रोजच्या भाड्याचा आकडा असलेली प्रत घ्यायला अडचण नाही, तो तिचा इतिहास आहे. पण सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असेल, आणि ‘रद्द’ असं कुठेच नसेल, तर ती प्रत त्या ग्रंथालयात नेऊन विचारा. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. अशा जुन्या संस्थांचं एकेक पुस्तक परत जाण्याच्या मोलाचं आहे.

भाव

रद्दीवाल्याने ते पुस्तक किलोने घेतलेलं असतं, आणि एक अंक जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा. त्याचा हिशोब त्याला पाठ असतो. एकेक अंक काढून भाव विचारलात तर प्रत्येक वेळी आकडा चढतो. हवे ते सगळे एकत्र करा, त्यात दोन-तीन साधे अंकही ठेवा आणि मग एकच आकडा विचारा. मोबाइलवर विक्रीच्या जाहिराती दाखवून घासाघीस करू नका. तिथले आकडे मागितलेले असतात, मिळालेले नव्हे. दुकानदाराने ते एकदा पाहिले की पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच भाव.

घरातून घेताना मात्र वेगळं वागावं. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे ते आजीला माहीत नसतं. चांगला अंक असेल तर तो काय आहे, साधारण कितीला जातो, हे आधी सांगा आणि मग मागा. पुढच्या वेळी शेजारच्या घरातूनही तुम्हाला बोलावतील.

नेणं आणि घरी आणल्यावर

प्रत्येक अंक पुठ्ठ्यासह पिशवीत, आणि सगळे मिळून जाड प्लॅस्टिकमध्ये. एसटीत पिशवी मांडीवर ठेवा. वरच्या रॅकवर बॅगा आदळतात. स्कूटरच्या डिकीत दुपारी ठेवू नका, उष्णतेने कव्हर वळतं आणि परत सरळ होत नाही.

घरी आल्या आल्या कपाटात लावू नका. प्रती पंख्याखाली दोन दिवस सुट्या ठेवा, उन्हात नको. कोरडी झालेली बुरशी अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने घडीकडून बाहेरच्या दिशेने झटका. ओल्या फडक्याने पुसली तर ती कागदात मुरते. किडीची शंका असेल तर अंक झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नसेल तर उपयोग नाही. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

गंजलेली पीन ओढून काढू नका. मधल्या पानावरचे पिनेचे दोन पाय बोथट, पातळ पात्याने एकेक करून सरळ उभे करा आणि मग पाठीकडून पीन अलगद उचला. नवी पीन मारू नका, दोन पावसाळ्यांत तीही गंजेल. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आत सैल गाठ मारा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं तर कायमचं नुकसान. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येणारी पिशवी पीव्हीसीची असते, ती शाईला चिकटते. डांबरगोळ्या पेटीत टाकू नका, वास वर्षानुवर्षं जात नाही.

पेटी कधी बंद करता यावर सगळं अवलंबून आहे. कागद स्वतःच ओल धरून असतो, त्यामुळे जूनमध्ये बंद केलेल्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) काही करू शकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात अंक उभे भरा. वीस लिटरच्या डब्याला दोनशे ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक पुरेसा. आकडा 45 ते 55 टक्क्यांत असावा. 65 च्या वर गेला की बुरशीला सुरुवात होऊ शकते. जेल हिरवं पडलं की बदलून कोरडं घाला. हिरवं झालेलं ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा नारिंगी होतं. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका. डबा जमिनीवर किंवा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, वीतभर अंतर सोडून फळीवर ठेवा.

सावंतवाडीकडे फेरी असेल तर राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, बघायला अर्धा दिवस राखा. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते असतात, प्रत्येक पत्ता हाताने रंगवून लाखेचा थर दिलेला. जुना संच कोणी विकायला काढला तर अवतारागणिक राजा, वजीर आणि एक ते दहा असे लावून मोजा. एखादा पत्ता कमी असतोच, आणि नंतर रंगवून घातलेला पत्ता लाखेच्या पिवळेपणातला फरक बघितला की लगेच ओळखू येतो. साठवण कॉमिकसारखीच. फक्त पत्ते एकावर एक रचताना मध्ये साध्या पांढऱ्या कागदाचा गोल तुकडा घाला, कारण कोकणातल्या मेच्या उकाड्यात लाख शेजारच्या पत्त्याला धरू शकते.