ट्रेलरचा प्लग गरम होतोय? नुसता घासून परत लावू नका

संध्याकाळी आमच्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये एसी आणि गीझर दोन्ही चालू होते, मी सहज बाहेर जाऊन ट्रेलरला वीज आणणाऱ्या केबलच्या प्लगला हात लावला तर चटकाच बसला. काढून बघितलं तर एक पिन तपकिरी-काळी पडलेली, तिच्या भोवतीचं प्लास्टिक वितळून बसलेलं आणि सडक्या मासळीसारखा वास. ब्रेकर मात्र पडलाच नव्हता!

इथेच बरेच जण फसतात. ब्रेकर पडतो तो करंट जास्त गेला तर, पण पिन सॉकेटमध्ये सैल बसली असेल किंवा आतला स्क्रू ढिला असेल तर करंट मर्यादेत असूनही तिथे उष्णता तयार होते आणि ब्रेकरला त्याचा पत्ताच लागत नाही. करंटचा वर्ग गुणिले रोध, एवढंच गणित आहे. जोडात फक्त ०.०५ ओहम रोध आला आणि २५ अँपिअर करंट गेला तरी ३१ वॉट उष्णता होते, म्हणजे प्लगच्या आत एक सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास चालू ठेवल्यासारखं.

प्लग गरम लागला की लगेच उपटू नका. आधी आतली एसी, गीझर, मायक्रोवेव्ह सगळी मोठी उपकरणं बंद करा, मग कॅम्पिंगच्या जागेवर वीज देणाऱ्या खांबावरचा ब्रेकर पाडा आणि मगच प्लग काढा, कारण लोड चालू असताना काढला की ठिणगी उडते, पिनेवर खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी ती अजून तापते. लावतानाही तसंच, ब्रेकर बंद ठेवून प्लग पूर्ण आत बसवायचा आणि मग ब्रेकर चालू करायचा.

गार झाल्यावर सगळे जोड बघा, खांबावरचं सॉकेट, मध्ये अ‍ॅडॉप्टर असेल तर तो, आणि ट्रेलरच्या अंगावरचा फिरवून लॉक होणारा इनलेट, म्हणजे केबल जिथे ट्रेलरला जोडतो तो भाग. हा शेवटचा लोक हमखास विसरतात, तो अर्धवट फिरवलेला राहतो आणि तिथेच जळतो. खांबावरच्या सॉकेटमध्ये प्लग डुगडुगत असेल तर तिथे लावूच नका, दुसरी जागा मागा आणि तिथल्या लोकांना सांगा, ते सॉकेट आपण उघडायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. काळी पडलेली पिन पॉलिश पेपरने घासून परत वापरायचा मोह होतो, मीही एकदा केलंय आणि थोड्याच दिवसांत तीच पिन परत जळाली. एकदा तापलं की सॉकेटच्या आतल्या पट्टीचा स्प्रिंगसारखा ताण जातो, ती पिनेला घट्ट धरत नाही. म्हणून आपल्या बाजूचा प्लग आणि तो ज्यात बसतो तो इनलेट, दोन्ही बदला, एकच बदलला तर जुना नव्याला पण जाळतो. नवीन जोडताना केबल दोन्हीकडून काढलेली पाहिजे, काळवंडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, इन्सुलेशन स्क्रूखाली येऊ देऊ नका आणि स्क्रू पार्टवर लिहिलेल्या टॉर्कइतके (म्हणजे तेवढाच पिळायचा जोर लावून) घट्ट करा. वायरिंगची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

लोडचंही बघा. अमेरिकेतल्या ३० अँपिअर, १२० व्होल्टच्या कनेक्शनवर जास्तीत जास्त ३६०० वॉट मिळतात, पण तासन्‌तास चालवायचं तर २४ अँपिअरच्या आत राहिलेलं बरं. १४०० वॉटचा गीझर जवळपास १२ अँपिअर घेतो, एसीही साधारण तेवढाच, म्हणजे दोघांतच संपलं. गीझर गॅसवर चालत असेल तर एसीच्या वेळी तो गॅसवर टाका. आणि व्होल्टेज खाली गेलं की एसीचा कॉम्प्रेसर उलट जास्त करंट खेचतो, म्हणून आत सॉकेटला लावायचा छोटा व्होल्टमीटर ठेवा, एसी चालू झाल्यावर आकडा १०८ व्होल्टच्या खाली जात असेल तर तो बंद करा.

केबल गुंडाळून ठेवू नका, पूर्ण उलगडा, वेटोळ्यात उष्णता अडकते.

नवीन प्लग लावल्यावर नेहमीचा लोड टाकून अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट असेल तर चालतं, हात ठेववत नसेल तर सगळं बंद करून तो जोड परत उघडायचा.