मोटारसायकलची बॅटरी : आधी मोजणी, मग बदल

सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते, हॉर्न बसक्या आवाजात वाजतो, मीटरवरचे दिवे मंदावतात, आणि गॅरेजमध्ये गाडी नेली की पहिला सल्ला मिळतो तो बॅटरी बदलण्याचा. हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण जेव्हा तो चुकीचा असतो, तेव्हा हजार-दोन हजार रुपये खर्चून बसवलेली नवी बॅटरीही काही आठवड्यांत बसते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. म्हणून बॅटरी बदलण्याचे काम मल्टिमीटरपासून सुरू करावे, असा माझा आग्रह आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि पुढील सर्व तपासण्यांसाठी तेवढा पुरेसा असतो.

अलीकडच्या गाड्या विजेवर अधिक अवलंबून आहेत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटता राहतो, आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. कार्ब्युरेटरच्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली तरी किक मारून बहुधा काम भागत असे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा ईसीयू हे दोन्ही विजेवर चालतात, शिवाय अनेक मॉडेल्सना आता किकच उरलेली नाही. त्यामुळे बॅटरी पार उतरलेली असेल तर धक्का मारूनही गाडी बहुतेकदा सुरू होत नाही. अशा गाडीच्या मालकाने बॅटरीची प्रकृती अधूनमधून तपासत राहणे हिताचे आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, चावी बंद असताना, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून त्याची लाल टोकणी धन टर्मिनलवर आणि काळी टोकणी ऋण टर्मिनलवर टेकवावी. १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि १२ च्या आसपासचा आकडा म्हणजे जवळजवळ रिकामी. मात्र या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. टोकण्या तशाच धरून सेल्फ मारावा आणि आकडा कुठपर्यंत घसरतो ते पाहावे. निरोगी बॅटरी त्या क्षणी सुमारे १० व्होल्टच्या वर टिकते; विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळत असेल, तर तिची ताकद संपली आहे. आणखी एक खूण अगदी स्पष्ट असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. त्यांतला एक मेला, तर रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या पुढे सरकत नाही. तशा बॅटरीवर अधिक वेळ घालवू नये.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची असून तीच बहुधा वगळली जाते. गाडी सुरू करून, हेडलाइट चालू ठेवून, इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर धरावे आणि पुन्हा व्होल्टेज मोजावे. ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असले पाहिजे. तेरापेक्षा कमी असेल तर चार्जिंग कॉइल, रेग्युलेटर-रेक्टिफायर (ज्याला गॅरेजमध्ये आरआर युनिट म्हणतात) किंवा त्यांच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, दोष आहे. पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट बिघडले आहे आणि ते बॅटरीला अक्षरशः शिजवत आहे. पाण्याच्या बॅटरीचे पाणी वारंवार आटत असल्यास याच कारणाचा संशय घ्यावा. हा दोष दुरुस्त केल्याशिवाय नवी बॅटरी कदापि बसवू नये. बाहेरून जोडलेला जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा जादा दिवे हेही उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरवतात. ऋण वायर सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरच्या मापावर जोडल्यास ही गळती कळते. चावी बंद असताना ती मोजक्या मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसावी. मीटर अशा रीतीने जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये, कारण मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.

दोष बॅटरीचाच आहे असे ठरल्यावर निवडीचा प्रश्न येतो. त्यासाठी जुन्या बॅटरीवरचा क्रमांक आणि गाडीची माहितीपुस्तिका या दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या काही गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, तेव्हा व्होल्ट गृहीत धरू नये. क्षमता अँपिअर-अवरमध्ये, म्हणजे एएचमध्ये, लिहिलेली असते: शंभर सीसीच्या सेल्फवाल्या गाडीला ३ एएच पुरते, तर जुन्या पद्धतीच्या बुलेटला १४ एएच लागते. ठरलेल्यापेक्षा कमी क्षमतेची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, ती सेल्फच्या भाराखाली लवकर संपते. थोडी जास्त क्षमता चालते, पण तिने चार्जिंगचा दोष झाकला जात नाही, आणि ती खाचेत नीट बसली पाहिजे. लांबी-रुंदी-उंचीइतकेच महत्त्व धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे याला आहे. ते उलट बाजूला आले तर वायर पोहोचत नाही, आणि ओढून-ताणून पोहोचवलेली वायर पुढे घासून शॉर्ट होते.

प्रकारांत पाण्याची बॅटरी स्वस्त असते, पण तिच्या कडेवरच्या दोन रेषांच्या मध्ये पातळी राखण्यासाठी वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. नळाचे किंवा बाटलीतले पिण्याचे पाणी आणि नवे अ‍ॅसिड, दोन्ही वर्ज्य. सीलबंद, म्हणजे एमएफ किंवा व्हीआरएलए बॅटरीला ही कटकट नाही. ज्या गाडीत कारखान्यातूनच व्हीआरएलए आली आहे, तिच्यात पाण्याची बॅटरी घालू नये, कारण तिच्या वाफेची नळी बाहेर काढण्याची सोय तिथे नसते आणि अ‍ॅसिडचे थेंब फ्रेम व वायरिंग खातात. उलट बदल बहुधा चालतो, मात्र चार्जिंग व्होल्टेज आधी मोजून घ्यावे. लिथियम बॅटरी वजनाला फार हलकी असते, पण तिला तिचाच चार्जर लागतो आणि आरआर युनिट निर्दोष असावे लागते. रोजच्या ये-जा करणाऱ्या गाडीसाठी मला तो खर्च योग्य वाटत नाही.

दुकानात ब्रँडपेक्षा ताजेपणाकडे अधिक लक्ष द्यावे. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि उष्णतेने ही झीज वाढते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही निम्मी म्हातारी झालेली असू शकते. म्हणून आवरणावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारून पाहावे, सहा महिन्यांपेक्षा जुना माल शक्यतो नाकारावा, आणि भरून आलेल्या सीलबंद बॅटरीचे व्होल्टेज दुकानातच मोजायला लावावे. १२.४ पेक्षा कमी असेल तर दुसरी मागावी. वॉरंटीचा जाहिरातीतला एकूण काळ आणि मोफत बदलून मिळण्याचा काळ यांत पुष्कळदा फरक असतो. उरलेल्या काळात केवळ किमतीत सूट मिळते. कार्डावर शिक्का, तारीख, बॅटरीचा अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर दुकानातून निघण्यापूर्वी भरून घ्यावा.

दुकानात अ‍ॅसिड भरून दिलेली बॅटरी लगेच गाडीत टाकण्याची घाई करू नये. अ‍ॅसिड प्लेटांत मुरायला अर्धा तास तरी द्यावा आणि क्षमतेच्या सुमारे एक दशांश प्रवाहावर, म्हणजे ९ एएचच्या बॅटरीला सुमारे ०.९ अँपिअरवर, पहिले चार्जिंग पूर्ण होऊ द्यावे. मोटारीच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात उरकलेले पहिले चार्जिंग बॅटरीचे आयुष्य कमी करते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

बदलताना चावी काढून ठेवावी आणि हातातील कडे-अंगठीही उतरवावी. प्रथम ऋण, म्हणजे काळी वायर सोडवावी, नंतर लाल. बसवताना प्रथम लाल आणि शेवटी काळी. गाडीची संपूर्ण फ्रेम ऋण टोकाला जोडलेली असते, त्यामुळे काळी वायर जोडलेली असताना लाल वायरचा नट सोडवणारा पाना फ्रेमला टेकला तर थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. जुन्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या दातब्रशने वायरची टोके घासावीत, पूर्ण कोरडी करावीत, आणि जोडणीनंतर वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. छोट्या बॅटरीच्या टर्मिनलमधला चौकोनी नट खाली घसरतो आणि वरून स्क्रू त्याला लागतच नाही. नटाखाली फोमचा बारीक तुकडा दाबून ठेवला की नट वर उचललेला राहतो आणि दोन मिनिटांत काम होते. स्क्रू पक्का आवळावा, पण शिसे मऊ असते, तेव्हा जोर करून टर्मिनल पिळू नये. पाण्याच्या बॅटरीच्या नळीच्या तोंडावरचे बूच काढावे आणि नळी कुठे न चिमटता, साखळीपासून दूर, थेट खाली सोडावी. रबरी पट्टा आणि खालची गादी परत बसवणे टाळू नये; खडबडीत रस्त्यावर सैल बॅटरीच्या प्लेटा हादऱ्यांनी तुटतात.

गाडी सुरू करून चार्जिंग व्होल्टेज पुन्हा एकदा मोजावे आणि ते वॉरंटी कार्डामागे लिहून ठेवावे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात देऊ नये. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ प्रमाणे ती वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि विक्रेता ती परत घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीतून रक्कम वजा करतोच, तेव्हा नवी घ्यायला जाताना जुनी सोबत न्यावी.