पेट्रोल वाचवणारे यंत्र गाडीच्या वायरिंगला जोडताना या चुका टाळा

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही, ही तक्रार इंदूरच्या मराठी घरांतूनही ऐकू येते. ती निराधार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. ही तूट भरून निघेल या आशेने राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडची मंडळी ऑनलाइन मागवलेला ‘फ्यूएल सेव्हर’ घेऊन छोट्या ग्वालटोलीत एखाद्या वायरमनला गाठतात आणि अर्ध्या तासात तो बसवून घेतात. यंत्राने पेट्रोल वाचो न वाचो, त्या अर्ध्या तासात केलेले जोड पुढे वर्षभर त्रास देऊ शकतात. म्हणून जोडणीला एकच कसोटी लावावी: एक फ्यूज उपसला की यंत्र गाडीतून पूर्णपणे बाहेर पडले पाहिजे आणि गाडीची मूळ तार एकही कापलेली नसली पाहिजे.

बाजारात ही यंत्रे ढोबळपणे तीन प्रकारची मिळतात. पहिला प्रकार सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये किंवा डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे बिघाड तपासण्याचा स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये खोचायचा. दुसरा पाण्याचे विद्युत-अपघटन करून हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण इंजिनात सोडणारा, म्हणजे एचएचओ किट. तिसरा ऑक्सिजन सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारा छोटा डबा. पहिला फक्त थोडा करंट घेतो, दुसरा भरपूर घेतो, तर तिसरा थेट गाडीच्या संगणकाशी, म्हणजे ईसीयूशी खोटे बोलतो. जोडणीतल्या चुका आणि त्यांचे परिणाम या फरकावरच ठरतात.

ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या स्वस्त प्लगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. असे प्लग उघडल्यावर बहुधा एक छोटी चिप, दोन-चार रेझिस्टर आणि लुकलुकणारे एलईडी एवढेच आढळते. मात्र या सॉकेटच्या 16 क्रमांकाच्या पिनवर किल्ली काढल्यावरही बॅटरीचा प्रवाह चालू असतो, त्यामुळे प्लग तसाच ठेवून महिनाभर गावाला गेल्यास बॅटरी उतरलेली मिळण्याचा संभव असतो. शिवाय 6 आणि 14 या पिनांवर गाडीतल्या संगणकांचे आपसातले संभाषण चालते. तिथे निकृष्ट प्लगने व्यत्यय आणला तर मीटरवर एकाच वेळी असंबद्ध दिवे लागतात आणि मेकॅनिक भलतीकडेच शोधत बसतो.

करंट कुठून घ्यावा

सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक हीच आहे. एचएचओ किट सहज दहा-पंधरा अँपिअर ओढते आणि एवढा भार स्टिअरिंगखालच्या इग्निशनच्या तारेवर किंवा हेडलाइटच्या हार्नेसवर (तारांच्या जुडग्यावर) टाकला जातो, कारण तिथे हात लवकर पोहोचतो. त्या तारा तेवढ्या भारासाठी आखलेल्या नसतात. आधी स्विचचे पॉइंट तापतात, मग कपलरचे (तारा जोडणाऱ्या प्लगचे) प्लास्टिक पिवळे पडून वितळू लागते. योग्य पद्धत अशी की बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून स्वतंत्र तार घ्यावी, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवावा आणि तिथून चार पिनांच्या रिलेच्या, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, 30 क्रमांकावर जाऊन 87 वरून यंत्राकडे प्रवाह न्यावा. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी, हे पक्के लक्षात ठेवावे. दहा अँपिअरच्या भारासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 30 अँपिअरचा बसवणारा वायरमन फ्यूजऐवजी तारच जाळण्याची सोय करत असतो.

रिलेच्या कॉइलला, म्हणजे 85 आणि 86 या पिनांना, नुसत्या किल्लीवरून प्रवाह देणे ही एचएचओ किटच्या बाबतीत धोकादायक चूक आहे. किल्ली चालू पण इंजिन बंद, या अवस्थेत वायू तयार होत राहतो आणि एअर फिल्टरच्या डब्यात साठतो. हवेत हायड्रोजन 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात असला तरी तो पेट घेऊ शकतो. त्यासाठी कॉइलचा प्रवाह फ्यूएल पंपाच्या रिलेतून पंपाकडे जाणाऱ्या तारेवरून घ्यावा. किल्ली फिरवल्यावर हा पंप साधारणतः दोन-तीन सेकंद चालून थांबतो आणि इंजिन फिरू लागले की पुन्हा सुरू होतो, त्यामुळे यंत्रही इंजिनाबरोबरच चालते. त्याच रिलेच्या कॉइलकडे ईसीयूमधून येणारी तार मात्र वापरू नये. ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर एका कॉइलपुरताच असतो. कॉइलला समांतर डायोड असलेला रिले घ्यावा, कारण बंद होताना कॉइल उलट दाबाचा झटका देते. अशा रिलेत 85 आणि 86 उलटसुलट लावले तर किल्ली फिरवताच कॉइलकडचा फ्यूज उडतो, आणि दोष यंत्रात शोधण्यात दिवस जातो.

अर्थचा घोटाळा

अर्थ म्हणजे यंत्राच्या निगेटिव्हचा परतीचा जोड. ‘बॉडीला कुठेही अर्थ मिळतो’ या समजुतीने पत्र्यावर स्क्रू मारून तार अडकवली जाते. स्क्रूखाली रंग असतो, रंगावर धूळ आणि पहिल्या पावसानंतर हिरवट बुरशीसारखा थर येतो. मल्टिमीटरने निव्वळ रोध मोजला तर हा अर्थ ठीक दिसतो, भार आला की उघडा पडतो. म्हणून इंजिन आणि यंत्र दोन्ही चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक यंत्राच्या निगेटिव्हला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर जोड चांगला आहे. अर्धा व्होल्ट दिसला तर पत्र्याला रेझमाल मारून चकचकीत करावे, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) दाबून बसवावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. स्टार्ट-स्टॉपची सोय असलेल्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे यंत्राची तार थेट बॅटरीच्या पोस्टवर बांधली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकत जातो. अशा गाडीत अर्थ बॉडीवरच द्यावा. पिवळ्या कपलरच्या तारांना तर हातही लावू नये, त्या एअरबॅगच्या असतात.

जोडांबद्दल एक तक्रार नोंदवतोच. तारेचे कव्हर दातांनी सोलायचे, दोन पिळे द्यायचे आणि काळी टेप गुंडाळायची, ही रीत माळव्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली टिकत नाही. टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि उघडे तांबे शेजारच्या पत्र्याला टेकते. हीट श्रिंक स्लीव्ह मिळते दहा-वीस रुपयांत.

ऑक्सिजन सेन्सरशी खेळ

तिसऱ्या प्रकारच्या यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते बसवूच नये. जुन्या पद्धतीचा ऑक्सिजन सेन्सर साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान सिग्नल देतो. सुमारे 0.45 च्या वर सिग्नल गेला की ईसीयू मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे समजून ते कमी करते. हा डबा सिग्नलमध्ये थोडे व्होल्ट वाढवून ईसीयूला फसवतो. मिश्रण पातळ होते, ज्वलनाचे तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण वाढते, आणि मानपूरचा किंवा भेरूघाटाचा चढ चढताना इंजिन मिसिंग करू लागते. न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटले की तो बाद होतो. बीएस-6 गाड्यांत अनेकदा वाइडबँड सेन्सर असतो, तो करंटच्या भाषेत बोलतो आणि हा डबा लावताच थेट एरर येते. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी हवा तारेच्या कव्हरमधूनच आत घेतात, म्हणून त्यांच्या तारेवर झाळकाम केल्यानेही सेन्सर बिघडू शकतो. कायद्याची बाजू वेगळीच: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 मान्य करत नाही.

बिघाड आल्यावर

यंत्र बसवल्यानंतर काहीही नवे खटकले, की प्रथम यंत्राचा फ्यूज काढून गाडी दोन दिवस तशीच चालवावी. चेक इंजिनचा दिवा लागला असल्यास स्कॅनरवर कोड पाहावा: पी0171 म्हणजे मिश्रण पातळ, पी0300 म्हणजे मिसफायर, पी0420 म्हणजे कन्व्हर्टरची तक्रार, पी0562 म्हणजे व्होल्टेज कमी. इंजिन चालू असताना बॅटरीवर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, एसी आणि एचएचओ किट एकत्र चालू केल्यावर आकडा 13 च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटरला हा भार झेपत नाही. सकाळी बॅटरी उतरलेली मिळत असेल, तर गाडी बंद करून, दारे लॉक करून अर्ध्या तासाने निगेटिव्हच्या मार्गात मल्टिमीटर घालून करंट मोजावा; 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल आणि यंत्राचा फ्यूज काढताच उतरत असेल, तर यंत्राला किल्लीच्या आधीचाच प्रवाह मिळतो आहे.

‘पण ॲव्हरेज वाढले की’ असे कोणी म्हटल्यास हिशेब करून पाहावा. दहा अँपिअर आणि 14 व्होल्ट म्हणजे 140 वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली तर त्यासाठी इंजिनाने सुमारे अडीचशे वॉट द्यावे लागतात आणि इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेपैकी चौथा हिस्साच कामी आणत असल्याने हजारेक वॉटचे पेट्रोल जळते. बदल्यात मिळणाऱ्या हायड्रोजनची ऊर्जा शंभर वॉटही भरत नाही. पलासिया ते राजवाडा अशा सिग्नलांच्या रस्त्यावर तर असला फरक मोजताच येत नाही. गाड्यांच्या अशा चाचण्यांसाठी शेजारी पिथमपूरला 2021 सालापासून 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक उभा आहे. घरच्या घरी मोजायचे असेल तर एकाच पंपावर टाकी फुल करून, टायरची हवा सारखी ठेवून, यंत्रासह आणि यंत्राविना प्रत्येकी किमान तीन टाक्या एबी रोडवर सारख्याच वेगाने चालवाव्यात.

काढायचे ठरल्यास बॅटरीचे निगेटिव्ह आधी सोडावे, बॅटरीवरची तार फ्यूजसकट काढून घ्यावी, सेन्सरच्या तारेत जोड मारला असेल तर तो डीलरकडचा कपलर आणून बदलावा आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात, पाडलेले भोक रबरी ग्रोमेटने बुजवावे, नाहीतर पावसाचे पाणी थेट पायांपाशी येते. कोड पुसल्यावर ईसीयूला मिश्रणाचा हिशेब नव्याने बसवायला काही दिवसांचे चालणे लागते. तोवर आयडलिंगला इंजिन किंचित वरखाली झाले तर वर्कशॉपकडे धाव घेऊ नये.