धरणाखालच्या वैनगंगेचा काठ सावरताना
पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाने वैनगंगेच्या पुराची वेळ आणि चाल बदलली आहे. म्हणून धरणाखालच्या काठावर काम सुरू करताना झाडांआधी पाण्याकडे पाहावे. दरवाजे उघडल्यावर पाणी कुठवर चढते, हे जुन्या ढिवर (मासेमार) मंडळींना सोबत घेऊन खुंट्या ठोकून नोंदवावे. नदीपासून तुटलेल्या नाल्याच्या तोंडाशी साचलेला गाळ, लगतच्या शेतकऱ्यांच्या संमतीने, उन्हाळ्यात काढला, तर पुराचे पाणी सखल भागात पुन्हा शिरते आणि माशांना अंडी घालायला उथळ, शांत जागा मिळते. माझ्या मते हेच सर्वांत मोलाचे काम आहे. बेशरम हे काठावर माजणारे झुडूप; ती मुळासकट उपटून वाळवावी, कारण ओल्या मातीवर राहिलेली तिची कांडीही पुन्हा फुटते. त्यानंतर पाण्यालगत वाळुंज, वरच्या अंगाला करंज, उंबर आणि जांभूळ लावावे.