स्लो कुकरमध्ये मटण अर्धवट शिजलंय आणि लाईट गेली, आता काय करायचं?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात भर दुपारी लाईट जाणं काही नवीन नाही. गॅसवर भाजी असेल तर कुणाचं काही अडत नाही. पण सकाळी स्लो कुकर, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणारं विजेवरचं भांडं, लावून सगळे कामावर गेले असतील, तर संध्याकाळी झाकण उघडून नुसत्या वासावर भरवसा ठेवू नका. सावजी मसाल्याच्या घमघमाटात बिघडलेलं मटण ओळखू येत नाही. आणि ज्या जंतूंनी पोट बिघडतं, त्यांचा बरेचदा वासही येत नाही.

आधी लाईट किती वेळ नव्हती ते काढा. गोल बटणाचा कुकर लाईट आली की आपोआप परत सुरू होतो, त्यामुळे मधे काही झालं होतं याचा पत्ताच लागत नाही. डिजिटल पॅनलवाले बरेचसे कुकर मात्र बंदच राहतात. मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकत असेल तर लाईट गेली होती हे नक्की. किती वेळ, ते शेजारच्या काकूंना विचारा. मे महिन्यात कूलर बंद पडल्याची वेळ कुणी विसरत नाही.

घरीच असाल तर लाईटची वाट पाहू नका. सगळं मटण रश्शासकट प्रेशर कुकरमध्ये काढा, मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणा आणि मगच झाकण लावून शिट्ट्या करा. मटण आधीच किती शिजलंय त्यावर दोन पुरतात की चार लागतात, ते ठरेल. स्लो कुकरचं आतलं चिनी मातीचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका, तडकतं.

घरी नव्हता आणि वेळेचा अंदाजच लागत नाही? टाकून द्या. शिजलेलं दिसत असलं तरी. मटणाचा भाव आठवला की जिवावर येतं, हे खरं. पण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे अन्न तासन् तास राहिलं की जंतू भराभर वाढतात, आणि त्यातल्या काहींचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून ‘एक उकळी काढू, होऊन जाईल’ हा आपला घरगुती उपाय इथे चालत नाही. लाईट जाण्याआधीच मटण पूर्ण शिजलं होतं याची खात्री असेल, तर झाकण न उघडता दोन तासांपर्यंत चालतं. ताटात वाढलेलं मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका.

राजम्याची गोष्ट वेगळी, तिथे लाईट न जाताही घोटाळा होतो. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी घटक असतो. मंद आचेवर तो नष्ट होत नाही, उलट वाढू शकतो, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. खरं सांगायचं तर राजम्याला प्रेशर कुकरच बरा.

मटण वाचलं, पण रस्सा पाणचट झाला? हे तर होणारच. घट्ट झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे गॅसवर घालतो तेवढं पाणी इथे जास्त होतं. फोडी काढून ठेवा आणि रस्सा कढईत उघडा उकळून आटवा. तरीही पातळ वाटला तर चमचाभर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून, गार पाण्यात कालवून सोडा. तर्रीसाठी वेगळ्या कढल्यात तेल तापवा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग भिवापुरी मिरचीचं तिखट टाका आणि लगेच वरून ओता. कडकडीत तेलात टाकलंत तर तिखट काळं पडतं आणि रश्शाला कडवटपणा येतो.

भांडं गरम असताना त्यात नळाचं गार पाणी ओतू नका. निवू द्या, मग कोमट पाण्यात भिजत घाला.