पोस्टरची तयारी केस पेपरपासून: डोळ्यांच्या संसर्गावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डोळ्यांच्या संसर्गाचा प्रतिबंध आणि उपचार यांवरची परिषद मुंबईतच आहे, बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) नोंदणीत सवलत आहे, म्हणून एक पोस्टर टाकून बघू असं ठरवलेल्या नेत्रविभागातल्या जेआर वन आणि जेआर टूंसाठी, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी, हे लिहिते आहे. त्यातही महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातल्यांसाठी जास्त. कॉर्नियल अल्सर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची संसर्गाची जखम) ओळखता येतो, स्क्रेपिंग (ती जखम खरवडून नमुना) घेता येतं, एवढं धरून चालते. पोस्टरचा आकार, फाँट, रंग यांबद्दल मी काही सांगणार नाही. त्याला तुमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे.

आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, हे आधी डोक्यातून काढा. थंड देशांतून येणाऱ्या डॉक्टरांच्या ओपीडीत कॉन्टॅक्ट लेन्समुळे झालेला स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग जास्त असतो. भाताचं पातं लागून झालेला फ्युजॅरियम या बुरशीचा संसर्ग त्यांच्यातल्या अनेकांनी क्वचितच पाहिलेला असतो. आपल्याकडे कापणी-झोडणीच्या दिवसांत पालघर-रायगडचे शेतकरी डोळ्याला कुसळ लागलं म्हणून येतात, साकीनाक्याच्या गाळ्यांतून ग्राइंडिंग करताना कण उडालेली पोरं येतात, पावसाळ्यात मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींचे रुग्ण येतात. पिथियम तर आहेच: केओएचमध्ये (बुरशी शोधायच्या स्लाइडवर) बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही आणि नॅटामायसिन या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाही. लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन वापरून त्याच्यावर उपचार करण्याच्या कामात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेचा मोठा वाटा आहे. असा एक रुग्ण नीट नोंदवलेला असेल, तर तो 'पाच वर्षांचा आढावा' असं भारदस्त नाव दिलेल्या अर्धवट तक्त्यापेक्षा मोलाचा आहे.

आता सापळा. मी यातच अडकले, म्हणून यावर लांबण लावणार आहे.

आपल्या केस पेपरवर एक ओळ असते: 'बाहेर ट्रीटमेंट प्लस', म्हणजे इथे येण्याआधी बाहेर काहीतरी उपचार झालेत. कॅज्युअल्टीत रात्री गर्दी असते, रुग्ण कळवळत असतो, आपण ही ओळ लिहितो आणि पुढे जातो. आपल्या आधीच्यांनीही तेच लिहिलेलं असतं. माझं पोस्टर कॉर्नियल अल्सरच्या कल्चरवर, म्हणजे नमुन्यातला जंतू प्लेटवर वाढवून ओळखण्यावर, होतं: कितींत वाढ मिळाली, जंतू कोणते, बुरशी किती, कोणतं प्रतिजैविक चालतं. तक्ते स्वच्छ होते, निवडही झाली होती. पोस्टरसमोर थांबलेल्या कॉर्नियाच्या एका ज्येष्ठ बाईंनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "स्क्रेपिंगच्या आधी या डोळ्यांत काय जात होतं?" माझ्याकडे 'प्लस' होतं. कोणता थेंब, किती दिवस, शेवटचा कधी, यातलं काहीही नव्हतं. रजिस्टरमध्ये तो रकानाच नव्हता.

तो प्रश्न एवढा जड का आहे, ते नीट समजून घ्या.

स्क्रेपिंगच्या आधी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जात असेल, तर प्लेटवर काही न उगवण्याची शक्यता वाढते. मग तुमचा 'कल्चर निगेटिव्ह' गट म्हणजे जंतू नसलेले रुग्ण नव्हेत. त्यात औषधाने दबलेला जंतूही आहे, बुरशीही आहे आणि आपल्या माध्यमावर न वाढणारं काहीतरीही आहे. तिघांना एका रकान्यात घातलं की त्या रकान्याला अर्थ उरत नाही.

दुसरी बाजू प्रतिकाराची. मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांनी जे बरे झाले ते आपल्याकडे आलेच नाहीत. जे बरे झाले नाहीत तेच आले. त्यामुळे 'अमुक औषधाला इतके टक्के प्रतिकार' हा आकडा तुमच्या दारापर्यंत पोचलेल्यांचा असतो, मुंबईचा नसतो. आधी कोणतं औषध चालू होतं हे माहीत असेल तर हा फरक मांडता येतो. नसेल तर तुम्ही सरसकट घबराट पसरवता. आणखी एक: लॅबच्या रिपोर्टवरचं 'एस' (औषध चालतं) किंवा 'आर' (जंतूचा प्रतिकार आहे) हे औषधाची रक्तात किती पातळी गाठता येते यावर बेतलेलं असतं. दर तासाला थेंब टाकल्यावर कॉर्नियात पातळी त्याच्या कितीतरी वर जाते. त्यामुळे कागदावर 'आर' असूनही डोळा सुधारू शकतो. हे पोस्टरवर एका ओळीत लिहा.

तिसरी बाजू स्टेरॉइडची. प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकाच बाटलीत असलेले थेंब चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत, पण मिळतात. दोन दिवस लाली कमी होते, रुग्ण खूश होतो आणि आत बुरशी पसरत जाते. आपल्याला दिसतो तो अल्सर या दोन दिवसांनी बदललेला असतो. 'प्लस' या एका खुणेत साधं प्रतिजैविक आणि स्टेरॉइड दोन्ही बसतात, हे मला आजही अस्वस्थ करतं.

पोस्टरआधी यातलं काही भरून काढता येईल असं वाटत असेल, तर येत नाही. मी रुग्णांना फोन लावले. नंबर बंद, कोणी गावी गेलेलं, कोणाला बाटलीचं झाकण पांढरं होतं एवढंच आठवत होतं. ही माहिती रुग्ण पहिल्यांदा समोर बसतो तेव्हाच मिळते.

म्हणून आजपासून हे करा. रुग्णालयाजवळच्या शिक्के बनवणाऱ्याकडून केस पेपरसाठी एक रबरी शिक्का करून घ्या: थेंबाचं नाव, कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटचा कधी, कोणी दिला. बाटली सोबत असेल तर लेबलचा फोटो काढा, नसेल तर नातेवाइकाला घरून व्हॉट्सॲपवर मागवायला सांगा. आणि विचारायची पद्धत बदला. "औषध घेतलं का?" असं विचारलं की बरेच जण "नाही" म्हणतात, कारण शेजारणीची उरलेली बाटली त्यांच्या लेखी औषध नसतं. "काका, इथे यायच्या आधी डोळ्यात काय काय घातलं? मध, तूप, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, काहीही असू दे, मी रागावणार नाही," असं विचारा. आणि खरंच रागावू नका. एकदा रागावलात की बाकावर बसलेले पुढचे चार जण लपवतात.

पुरेसे थेंब पडून गेलेले असतील आणि अल्सर स्थिर असेल, तर कधी कधी थेंब थांबवून पुन्हा स्क्रेपिंग घेतात. तो निर्णय लेक्चररचा किंवा युनिट हेडचा. जेआर वनने पोस्टरसाठी कोणाचेही थेंब थांबवायचे नाहीत.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी चालेल. मोठ्या नावाच्या मागे धावू नका. मायक्रोबायोलॉजीत शेजारी बसू देणारा माणूस शोधा. माझ्यासाठी ते लॅबमधले जुने टेक्निशियन होते. केओएचमध्ये कापसाचा धागा आणि बुरशीचा तंतू यांत फरक कसा करायचा, हे त्यांनी दाखवलं. ब्लड अगारच्या प्लेटवर आपण नमुना फासलेल्या 'सी'च्या आकाराच्या रेघांवर उगवलं तर ते आपलं, रेघेबाहेर उगवलं तर बहुधा बाहेरून पडलेलं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. ॲकँथअमीबा या एकपेशीय परजीवीची शंका असेल तर आधी फोन करा, कारण त्यासाठी ई. कोलाय पसरलेली नॉन-न्यूट्रिएंट अगारची प्लेट लागते आणि ती दर वेळी तयार नसते. लॅबमधल्या माणसांची नावं पोस्टरवर घाला. ज्यांनी एकही स्लाइड पाहिली नाही त्यांची नावं घालण्याचा दबाव येतो, हेही खरं आहे. तो पहिल्या वर्षी झुगारता येत नाही, याचा स्वतःला फार त्रास करून घेऊ नका. पण लॅबवाल्यांचं नाव गाळून ती जागा करू नका.

पैसे घेऊन आकडेमोड आणि पोस्टर दोन्ही करून देणारे लोक आहेत. तुमच्या सीनियरकडे त्यांचा नंबरही असेल. नको. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणं वेगळं, तो जरूर घ्या. पण दुसऱ्याने लिहिलेल्या पोस्टरसमोर उभं राहिलेला माणूस पहिल्याच प्रश्नाला कळतो, आणि विचारणारे पुढच्या वर्षी तुमचे परीक्षक असू शकतात.

एथिक्स कमिटीची परवानगी ॲबस्ट्रॅक्टच्या (सारांशाच्या) शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी मागा. जुन्या नोंदींवरचं काम असलं तरी मागा. फोटोची संमती लेखी घ्या, केस पेपरचा नंबर झाका.

वाचून काय जायचं? थोडंच, पण पूर्ण. २०१२चा 'स्कट' हा अभ्यास: ५०० रुग्ण, बॅक्टेरियल अल्सरमध्ये प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड दिल्याने तीन महिन्यांच्या दृष्टीत एकूण फरक पडला नाही. २०१३चा 'मट' हा अभ्यास: बुरशीच्या अल्सरमध्ये नॅटामायसिन व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरलं, फ्युजॅरियममध्ये विशेष. दोन्हींतले बहुतेक रुग्ण तमिळनाडूच्या अरविंद रुग्णालयांतले, म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या उपचारांमागचा पुरावा आपल्याच शेतकऱ्यांच्या डोळ्यांतून आलेला आहे. एंडोफ्थॅल्मायटिससाठी (डोळ्याच्या आतल्या संसर्गासाठी) १९९५ची ४२० रुग्णांची व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेल काढण्याची शस्त्रक्रिया) चाचणी वाचा.

परिषदेच्या नावात प्रतिबंध आधी येतो, पण पीजींची गर्दी उपचारांच्या हॉलमध्ये होते. तुम्ही प्रतिबंधाच्या हॉलमध्ये बसा. नेपाळमधल्या भक्तपूरच्या कामाचा निष्कर्ष २००१ मध्ये आला: गावातल्या आरोग्यसेवकांनी कॉर्नियाला नुसतं खरचटलेल्या लोकांना क्लोरअँफेनिकॉलचं १ टक्का मलम दिलं, आणि १८ तासांच्या आत ज्यांना ते सुरू झालं त्यांच्यापैकी कोणालाही अल्सर झाला नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत शेवटी डोळ्याच्या आत सेफ्युरॉक्सिम हे प्रतिजैविक दिल्याने एंडोफ्थॅल्मायटिस सुमारे पाचपट घटल्याचं युरोपीय अभ्यासाने २००७ मध्ये दाखवलं. २०१७ मध्ये अरविंदने सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या आधारे मॉक्सिफ्लॉक्सासिनचा फायदा मांडला. आपण रात्रभर जागून एक डोळा वाचवतो, ते करायलाच हवं. पण कुसळ लागल्याच्या दिवशीच त्या काकांना मलम मिळालं असतं तर ते पालघरहून आपल्यापर्यंत आलेच नसते, हा विचार मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदा नीट पटला.

प्रश्नोत्तरांची भीती वाटते, ती सगळ्यांना वाटते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची जास्त. इंग्रजी अडखळलं तर कोणी काही म्हणत नाही, निम्मा हॉल दुसऱ्या भाषेत विचार करूनच बोलत असतो. उत्तर माहीत नसेल तर "ही नोंद आम्ही ठेवली नव्हती, आता ठेवतो," एवढं सरळ सांगा. मी तसंच सांगितलं. त्या बाईंनी मग त्यांच्याकडचा फॉर्म कसा आहे ते कागदावर काढून दिलं. आमच्या शिक्क्यातले दोन रकाने त्यातूनच आले आहेत. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर मात्र तिथे पकडलं जातं.

इमर्जन्सी ड्युटीची अदलाबदल महिनाभर आधी लेखी करून ठेवा, तोंडी शब्दावर परिषद बुडते. मेट्रो तीन थेट बीकेसीला उतरवते. वेट लॅबच्या (शस्त्रक्रियेच्या सरावाच्या सत्रांच्या) जागा लवकर भरतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट पॉइंटसाठी हजेरी लावायला विसरू नका. स्टॉलवरच्या पिशव्यांमागे वेळ घालवू नका, त्या वेळात दुसऱ्यांची पोस्टर वाचा आणि तुम्हाला विचारला गेला तोच प्रश्न त्यांना नम्रपणे विचारा.

परत आल्यावर रुग्णांची तीन महिन्यांची दृष्टी नोंदवायला लागा, कारण लेख लिहायला बसलात की पुढचा प्रश्न तोच येतो. कॅज्युअल्टीतल्या सीएमओंना (ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना) आणि रात्रीच्या सिस्टरना शिक्का कुठे ठेवलाय ते सांगून ठेवा. रविवारच्या रात्रीचे केस पेपर सगळ्यात आधी कोरे राहतात.